दोन हायपो आणि बारा एंजल

गोप, ही गोष्ट मी वीसेक वर्षं टाळत आलो. टाळायला फारसं काही करावं लागत नाही. दुसऱ्या कशावर तरी बोलत राहिलं की झालं, आणि आपल्याकडे बोलायला विषय कधी कमी नव्हते.

परवा तुझा बारावा झाला. घरचा कर्ता म्हणून तुझ्या मनोजच्या डोक्याला पगडी बांधली. नंतर सगळे बसले होते तेव्हा बटणबाजारातल्या तुझ्या बटण-चेनीच्या दुकानाचे शेजारी एकेक आठवण सांगत होते. मनोज माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही बोला ना. पप्पांचे सगळ्यात जुने तर तुम्हीच." मी हात जोडले आणि बसून राहिलो. लोकांना वाटलं, दुःखानं मला बोलवत नाही. तसं नव्हतं. तोंड उघडलं असतं तर जी आठवण बाहेर आली असती, ती तिथे सांगण्यासारखी नव्हती. ती पहिल्यांदा तुला सांगायची होती. म्हणून आता तुलाच लिहितो आहे.

टाकीपासून सुरुवात करतो. गेले आठ महिने आपण दुसरं केलं तरी काय?

उल्हासनगरचं घर सोडून तू आणि भाभी मनोजकडे बदलापूरला आलात, त्याच आठवड्यात त्यानं हॉलची लांब भिंत दाखवून सांगितलं, "पप्पा, इथे माशांची टाकी ठेवू. सहा फुटी. तुमचा वेळ जाईल." संध्याकाळी तुझा फोन. "सायंटिस्ट, पोरगा पागल झालाय. उद्या ये." मी आयुष्यभर अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअर्समध्ये गोण्या आणि ड्रम मोजले, चलनं फाडली. शास्त्राशी माझा संबंध एवढाच. पण नोकरी लागली त्या दिवसापासून तू मला सायंटिस्ट म्हणायला लागलास आणि मी एकदाही म्हटलं नाही की बाबा, मी स्टोअरकीपर आहे. खरं सांगायचं तर त्या नावाची मला गोडी लागली होती.

मग दर शनिवारी तू बदलापूरहून, मी अंबरनाथहून, आणि उल्हासनगरच्या मासेवाल्यांची दुकानं. विकत काही घ्यायचं नाही, नुसती चौकशी. दुकानदार आपल्याला ओळखायला लागले होते आणि आपण दिसलो की खुर्च्या आत घेत होते, असं तूच म्हणायचास.

मनोजला समुद्र हवा होता. खाऱ्या पाण्याची टाकी, पोवळी, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे. दुकानदारानं सगळं नीट समजावलं: मीठ मोजून घालायचं, खारटपणाचं माप रोज घ्यायचं, उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला वेगळं यंत्र लावायचं. तू मला कोपरानं ढोसलंस. "बघ, माशाला एसी. माझ्या खोलीत नाही." समुद्र तिथेच बुडाला.

मला झाडांची टाकी हवी होती. खाली माती, हिरवळ, मधे एक वाळकं खोड, त्यातून फिरणारे बोटभर मासे. त्या झाडांना गॅसचा छोटा सिलेंडर लावावा लागतो म्हटल्यावर भाभींनी घरातूनच निकाल दिला, "एका सिलेंडरचा नंबर लावता लावता माझं डोकं पिकलं, दुसरा आणू नका." एकानं डोक्यावर टेंगूळ असलेला लालभडक मासा दाखवला, म्हणाला, हा घरात बरकत आणतो. तू टोपी काढून आपलं टक्कल पुढे केलंस. "टेंगूळ मलाही आहे. बरकत कुठे आली?" आफ्रिकेतल्या तळ्यातले निळे-पिवळे सिक्लिड आपल्या दोघांनाही आवडले होते. पण त्यांना क्षारांचं जड पाणी लागतं आणि बदलापूरच्या नळाचं पाणी पडलं हलकं. तू लगेच म्हणालास, "पाणी हलकं, हात जड. कसं जमणार?"

दुकानदार हसला. मीही हसलो. प्रत्येक वेळी हसायचो.

प्रत्येक दुकानातून निघताना तू एकच प्रश्न विचारायचास. "सबसे कम मरने वाला कौन सा है?" रंग कुठला, वाढतो किती, खातो काय, हे सगळं मी विचारायचं. तुझं एवढंच. एक दुकानदार वैतागला होता. "चाचा, मछली है, पत्थर थोड़े है." तू शांतपणे म्हणालास, "पत्थर ही दिखाओ फिर."

शेवटी गुरामी ठरला. ताटाएवढा वाढतो, वर येऊन हवेतला श्वास घेतो. लाइट गेली, पंप बंद पडला, तरी तग धरतो, आणि बदलापुरात लाइट जातेच. "हा बरा," तू म्हणालास. "म्हशीसारखा आहे. हा नाही मरत." एवढ्या मोठ्या टाकीत तीन करड्या म्हशी. ऐकून मनोजचं तोंड उतरलं.

त्याच दुकानात शेजारच्या काचेत एंजल होते. रुपयाएवढे, चंदेरी, काळ्या पट्ट्यांचे, पंख शिडासारखे उभे. तू बराच वेळ काचेवर बोट ठेवून उभा होतास आणि ते तुझ्या बोटाजवळ गोळा झाले होते. दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडच्या पाण्याला तर हेच बेस्ट, चाचा. उंच टाकी घ्या, वीस सोडा, नुसतं बघत बसाल."

"एंजल नको," तू म्हणालास. "त्यांना मी एकदा मारलंय."

मग बाहेर जाऊन तू तपकिरीची चिमूट ओढलीस. मी आत बिनकामाचा माशांच्या खाण्याचे डबे वाचत उभा राहिलो.

गोप, ते तू मारले नव्हतेस.

उल्हासनगरच्या बराकीतल्या घरातली तुझी चार फुटी टाकी मला अजून दिसते. देवाच्या तसबिरीसमोरच्या भिंतीला लावलेली. मनोज तेव्हा कॉलेजात होता. बारा एंजल, आणि त्यांच्या मागे काचेला चिकटवलेला निळ्या समुद्राचा कागद, ज्यावरून आपलं भांडण व्हायचं. मी म्हणायचो, गोड्या पाण्याच्या माशामागे समुद्र कशाला? तू म्हणायचास, "मासा काय भूगोल शिकलाय?" या टाकीच्या वेळीही ते भांडण झालं. मला मागे काळा कागद हवा होता, तुला तोच समुद्र. ते भांडण अर्धंच राहिलं.

पावसाळ्यात नळाच्या पाण्यात ब्लीचिंगची पावडर जास्त मारायचे. मासेवाल्यानं तुला एक पुडी दिली होती. हायपो म्हणतात, चार दाणे टाकले की पाण्यातली पावडर मरते. पुडी संपली तेव्हा तू मला विचारलंस, "तुझ्या कंपनीत हायपो असतो काय रे?"

"हायपो? ड्रमनं आहे," मी म्हणालो.

आणि खरंच होता. आमच्या स्टोअर्समध्ये हायपो म्हणजे निळ्या कॅनमधलं पिवळट पाणी, सांडपाण्याच्या टाकीत ओतायचं. त्या नावाची दुसरी वस्तू जगात असते हे मला माहीत नव्हतं. कंपनीत लॅब होती, कुणालाही विचारता आलं असतं. पण सायंटिस्ट कुणाला विचारतो काय? गेटवर न दाखवता जेवणाच्या पिशवीत एक बाटली भरून आणली.

तुझ्या दुकानाच्या सुट्टीचा दिवस होता. सकाळी आपण दोघांनी टाकीचं अर्धं पाणी बदललं. बाटली उघडली तेव्हा तुला वास आला नाही, तुझं नाक तपकिरीनं केव्हाच गेलेलं. भाभी मात्र कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. त्या मला अदा म्हणतात, भाऊ मानून. म्हणाल्या, "अदा, ह्याला तर नळाच्या पावडरीचाच वास येतोय."

मी म्हणालो, "भाभी, तो वास घालवायलाच तर हे टाकायचंय."

तू हसलास. "कमला, सायंटिस्टला शिकवू नको."

"दोन झाकणं," मी तुला सांगितलं. दोनच का, ते मला आजही सांगता येणार नाही. तू तसबिरीला नमस्कार केलास आणि ओतलंस.

आपण जेवायला बसलो. साईभाजी आणि भात होता. जेवण होईपर्यंत तीन मासे आडवे झाले. बाकीचे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. तू कोपरापर्यंत हात घालून एकेकाला उचलून पिंपातल्या साठवणीच्या पाण्यात सोडत होतास. चारच्या चहाला एकही उरला नव्हता. तू पिंपापाशी उकिडवा बसला होतास, बाही ओली. मला विचारलंस, "दोनच टाकली ना रे मी? का तीन झाली?"

मी म्हणालो, "झाली असतील तीन. तुझा हात जड आहे."

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या बाईंना मी सहज विचारावं तसं विचारलं, हायपोनं मासा मरतो का? त्यांनी लिहिणं थांबवलं. "कुठल्या हायपोनं? हायपो दोन असतात, भाऊ. फोटोवाले आणि मासेवाले म्हणतात तो दाणेदार, खडीसाखरेसारखा. तो क्लोरीन मारतो. तुमच्या निळ्या कॅनमधला आहे तो क्लोरीनच. एक दुसऱ्याचा उतारा आहे म्हणा. का हो?"

"काही नाही. पोरगा विचारत होता."

मला पोरगा नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी सरळ तुझ्या दुकानात आलो. तुला सांगायलाच आलो होतो, यावर विश्वास ठेव. तू गिऱ्हाइकाला चेनी मोजून देत होतास आणि शेजारच्या दुकानदाराला सांगत होतास, "बारा जीव गेले, साईं. माझा हात जड." मला बघून म्हणालास, "ह्याला विचार. ह्यानं माप बराबर सांगितलं होतं." शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणून मान हलवली.

एवढंच केलं मी. मान हलवली.

पुढे कारणं होतीच. माल गेटवरून चोरून आणला होता, कळलं असतं तर नोकरी गेली असती. मुलीचं लग्न व्हायचं होतं. मग मुलीचं लग्न झालं, मी रिटायर झालो, ती कंपनीही बंद पडली. कारणं एकेक करून संपली आणि मी तरीही गप्प राहिलो, कारण तोवर गप्प राहण्याचीच वर्षं फार झाली होती.

आणि तू तो शब्द अपशकुनासारखा धरून बसलास. जड हात. आधी गल्लीतले दुकानदार सकाळी तुला हाक मारायचे, गोपभाई, बोहनी तुमच्या हातची होऊ दे. पहिलं गिऱ्हाईक होऊन, कागदावर टाचलेली डझनभर बटणं विकत घेऊन तू गल्लाभर आशीर्वाद देऊन यायचास. ते तू बंद केलंस. "माझ्या हातानं नको." चेटीचंडला, तुमच्या नव्या वर्षाच्या दिवशी, झुलेलालच्या पूजेचा दिवा, तो बहराणा, पाण्यात सोडायच्या वेळी तू चार पावलं मागे थांबायचास. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, पल्ला मासा तळून खाताना तुला पाप वाटत नाही ते? तू म्हणालास, "खाणं वेगळं. झुलेलाल माशावर बसतो आणि मी घरात ठेवलेला मासा मारला. ते वेगळं." आवाजात दुःख नव्हतं. गुडघा दुखतो म्हणून सांगावं तसं सांगितलंस. म्हणूनच मला ते जास्त लागलं.

मनोजच्या दुकानाचा मुहूर्त आठवतो? बापानं दिवा लावायचा, सगळे वाट बघत होते. तू काडेपेटी माझ्या हातात दिलीस. "तू लाव. तुझा हात हलका आहे." मी लावला. दुकान चांगलं चाललं आणि पुढची सगळी वर्षं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलास की दिवा सायंटिस्टनं लावला होता. त्या बोलण्यापेक्षा तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

माझी शेवटची संधी तू स्वतः मला दिलीस, तेही सांगतो.

टाकी आली त्या शनिवारची गोष्ट. सहा फुटी, खालच्या लोखंडी स्टँडसकट, सहा माणसांनी वर चढवली. आपण पाण्याचं सामान आणायला गेलो होतो. दुकानदारानं काउंटरवर एक पुडी ठेवली. "ये हाइपो. नल का पानी है तो डालना पड़ेगा." तू पुडी उचललीस, प्रकाशात धरलीस, बोटांनी चाचपलीस.

"हे तर दाणे आहेत," तू म्हणालास. "तू आणलेलं पाणी होतं ना रे?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावर संशय नव्हता, गोप. नुसतं कुतूहल. दार सताड उघडं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

मी म्हणालो, "विरघळवून आणलं होतं."

"हां, बराबर," तू म्हणालास आणि पुडी माझ्या खिशात घातलीस. "ह्या वेळी तू टाक."

मी टाकले. टाकी भरली, दाणे मोजून टाकले, या वेळी पुडीवरचं सगळं तीनदा वाचून. दुकानदार म्हणाला होता, महिनाभर फिल्टर चालवून पाणी पिकू द्या, मगच मासे सोडा. फिल्टर सुरू झाला, पाणी गढूळ होतं ते दोन दिवसांत आरपार दिसायला लागलं. तू खुर्ची समोर ओढून बसलास. "बघ," म्हणालास, "हलका हात."

त्यानंतर तीन आठवड्यांनी तू सकाळी चहा मागितलास आणि चहा येईपर्यंत गेलास.

बारा दिवस लोक येत-जात होते, तुझा फोटो हार घालून ठेवला होता आणि बाजूला ती टाकी नुसतं पाणी घेऊन चालू होती. कुणी बंद केली नाही. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, ह्यात मासे कुठे आहेत?

परवा पाहुणे गेल्यावर मी भाभींना सांगितलं. सगळं. बाटली, लॅब, मान हलवणं, विरघळवून आणलं म्हणणं. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला वास आला होता, अदा. मी बोलले होते."

"हो, भाभी."

"ते मला बोलले होते, सायंटिस्टला शिकवू नको."

"हो."

"तुम्ही सांगायला पाहिजे होतं. ते चिडले असते. आठ दिवस बोलले नसते. नवव्या दिवशी त्यांनीच फोन केला असता." त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मी हात जोडायला लागलो तर म्हणाल्या, "माझ्यापुढे नको. मी काय माफ करू? हात माझा नव्हता. मनोजच्या पप्पांना सांगा."

मी हात खाली घेतले. मग त्यांनीच विचारलं, "ते म्हशीसारखे मासे आणायचे आहेत अजून?"

"तुम्ही म्हणाल ते."

"त्यांना आवडायचे ते आणा."

काल मी आणि मनोज दुकानात जाऊन सांगून आलो. बारा एंजल. पाणी पिकलंय, येत्या शनिवारी सोडायचे. मागचा कागदही लावला, गोप. समुद्राचा. मासा भूगोल शिकलेला नाही, हे तुझं म्हणणं मी मान्य केलं. एवढं एक भांडण तरी पुरं झालं.

मनोज म्हणाला, मासे काका सोडतील. मी नाही म्हणालो. भाभी सोडतील, मी बघेन.

आता एक राहिलं. वर लिहिलेलं सगळं पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की मी इथेही एक गोष्ट वगळली आहे. वाचणाऱ्याला वाटेल, पिंपापाशी बसून मी "झाली असतील तीन" म्हणालो तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, चूक दुसऱ्या दिवशी कळली. बाटलीत काय आहे ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, हे खरं. पण त्या सकाळी तू ओतत असताना मी तुझ्या शेजारीच उभा होतो. झाकणाकडे बघत होतो. मनात मोजत होतो.

दोनच होती. काठोकाठसुद्धा नव्हती, थोडी कमीच भरलीस तू, माशांना त्रास नको म्हणून.

तुझा हात कधीच जड नव्हता, गोप. विष मी आणलं, माप मी सांगितलं, आणि नाव तुझ्या हाताचं घेतलं. माझं चुकलं. मला माफ कर.